एक्झॉर्सिस्ट : डॉक्टर म्हणतात फादरकडे जा, फादर म्हणतात डॉक्टरकडे न्या

निम्मा_चहा

मंडळी, 'द एक्झॉर्सिस्ट' (अंगात सैतान शिरलेल्या मुलीचा तो इंग्रजी भयपट) पहिल्यांदा पाहिला तो होस्टेलवर, भाड्याच्या व्हीसीआरवर. बारा-तेरा पोरं, एक खोली, कितव्या कॉपीची कॅसेट देव जाणे, पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्या मुलीची मान गर्रकन फिरली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "हिला ट्रॅफिक पोलिसात भरती करा रे!" हिरव्या उलटीच्या वेळी मेसच्या पालकाच्या भाजीवरून जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. घाबरलो वगैरे अजिबात नाही. लोक याला एवढं डोक्यावर का घेतात, असं म्हणून विषय संपवला.

दुसऱ्यांदा पाहिला तो गेल्या महिन्यात, एकट्याने, हेडफोन लावून. मध्ये पंचवीस वर्षं गेली आणि मला एक मुलगी झाली.

मुलीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती अकरा वर्षांची असताना जेवताजेवता मध्येच थांबायला लागली. घास हातात, नजर भिंतीवर, हाक मारली तरी ओ नाही. आठ-दहा सेकंद. मग पुन्हा भात कालवायला लागायची. आधी कृमीचं औषध झालं. मग डोळे तपासले. एका डॉक्टरांनी "लक्ष वेधून घ्यायला करते" असं सांगून आम्हालाच समुपदेशनाला पाठवलं. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला, त्यात काही नाही. दोन महिने हे चाललं. शेवटी सासूबाई हळूच म्हणाल्या, "बाहेरचं काही नाही ना, एवढं बघून घेऊ या." मी स्वतःच्या लग्नात मुहूर्त न पाळलेला माणूस. काही बोललो नाही. त्यांनी मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या तिच्यावरून उतरवून तव्यावर टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. ठसका लागला नाही तर दृष्ट होती, असं म्हणतात. खरं सांगतो, ठसका लागतोय का हे मीही नाक पुढे करून बघत होतो.

पुढे दुसऱ्या ईईजीत सापडलं. अपस्माराचा एक सौम्य प्रकार. गोळ्या सुरू झाल्या, आता ती चौदा वर्षांची आहे आणि मला दिवसातून चार वेळा "बाबा, चिल" म्हणते.

तर हे सगळं पाठीशी घेऊन सिनेमा लावला. आणि लक्षात आलं की होस्टेलवर आम्ही मधला जवळजवळ एक तास पुढे ढकलून पाहिला होता! खरा सिनेमा त्या तासात आहे. सिनेमातली मुलगी, रेगन, बारा वर्षांची. घर वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊनचं, आई नावाजलेली नटी, नवरा लांब, धर्मबिर्म काही नाही. पोरगी विचित्र वागायला लागते, तर पहिला डॉक्टर काय देतो? रिटालिन, चंचल मुलांना देतात ती गोळी! मग म्हणतो मेंदूच्या एका भागात काहीतरी असणार. फोटो काढतात, काही नाही. पाठीतून पाणी काढतात, काही नाही. शेवटी मोठ्या क्लिनिकमधल्या टेबलाभोवती कोटवाले बसलेत आणि आई किंचाळते, अठ्ठ्याऐंशी डॉक्टर झाले आणि तुम्ही मला हे सांगता? यावर त्यातलाच एक डॉक्टर चाचरत सुचवतो की असा एक विधी असतो, आजकाल फारसा करत नाहीत, पण रुग्णाचा विश्वास असेल तर उपयोग होतो कधीकधी.

म्हणजे भूत उतरवायचा सल्ला पहिल्यांदा येतो तो डॉक्टरकडून. आई फादर कॅरसकडे जाते, तर हा फादर स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. तो म्हणतो, त्यासाठी आधी सोळाव्या शतकात परत जावं लागेल, तिला डॉक्टरांना दाखवा. आणि आई दोघांच्या मध्ये उभी, गॉगलमागे डोळे लपवून.

ज्याने आपल्या पोराची फाईल काखेत मारून या काउंटरवरून त्या काउंटरवर चकरा मारल्यात, त्याला मान फिरण्याची भीती काय घालणार? सैतानाला हाकलणारा म्हातारा फादर मेरिन त्या घराच्या दाराशी येतो तेव्हा सिनेमाचा दीड तास उलटून गेलेला असतो. तोवर आपण आधीच रडकुंडीला आलेलो असतो.

१९७३ चा सिनेमा आहे. विल्यम फ्रीडकिनचं दिग्दर्शन, विल्यम पीटर ब्लॅटीची स्वतःच्याच कादंबरीवरून लिहिलेली पटकथा. तुम्हाला यात काय भिडलं? की अजूनही पालकाची भाजीच?

आगाऊ_बंड्या

पालकाची भाजी. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा झोपलो. पहिली दहा मिनिटं इराकमध्ये एक म्हातारा माती उकरतोय. अहो, हॉरर लावलाय की पुरातत्त्व खात्याचा माहितीपट?

(बाकी लिहिलंय छान. मुलीला शुभेच्छा.)

कानसेन

बंड्या, त्याच दहा मिनिटांसाठी मी हा सिनेमा वर्षातून एकदा लावतो. स्टुडिओत आवाजाचं काम करतो, त्यामुळे माझं वेड वेगळं आहे ते समजून घे.

सुरुवातीला अजान आहे. मग उत्खननातल्या कुदळींचे ठोके. मग बाजारात लोहाराचा हातोडा. मग खोलीत घड्याळ टिकटिकतंय आणि ते मध्येच बंद पडतं. बास. तिथून पुढे तुझ्या कानाला सवय लागते की आवाज थांबला म्हणजे काहीतरी होणार. शेवटी त्या ओसाड अवशेषांत पझूझू या राक्षसाची मूर्ती, समोर मेरिन, खाली दोन कुत्री भांडतायत, वारा. एक शब्द नाही. राक्षस आणि फादर एकमेकांना ओळखतात, हे तिथेच कळून जातं, म्हणून दीड तासाने तो टॅक्सीतून उतरून धुक्यात दिव्याखाली उभा राहतो तेव्हा अंगावर काटा येतो. तू झोपला होतास, तुला कुठून येणार?

आणि संगीत. सगळ्यांना वाटतं की माईक ओल्डफील्डच्या त्या 'ट्युब्युलर बेल्स'नं सिनेमा भरलेला आहे. नीट ऐका. आई शूटिंग संपवून पायी घरी येते, पाचोळा उडतोय, नन्सचे झगे वाऱ्यावर फुगलेत, तिथे थोडा वेळ वाजतं आणि जातं. लालो शिफ्रिनकडून करून घेतलेलं संगीत फ्रीडकिनने आधीच फेकून दिलं होतं. भीतीच्या बहुतेक प्रसंगांना आधाराला संगीतच नाही. आपल्याकडे दार उघडलं तरी धडाम् वाजतं!

मान फिरते तो कडकड आवाज माहितीये कशाचा? गोन्झालो गाविरा नावाच्या मेक्सिकन ध्वनी कलाकाराने जुनं, भेगाळलेलं चामड्याचं पाकीट माईकसमोर पिळलं. आणि सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅकेंब्रिज या बाईंचा. ऑस्कर मिळालेली अभिनेत्री, वयाची पन्नाशी ओलांडलेली. कच्ची अंडी गिळून, सिगारेटी ओढून, दारू पिऊन, स्वतःला खुर्चीला बांधून घेऊन त्यांनी तो घसा बसवला. आणि पहिल्या प्रिंट्सवर त्यांचं नावच नाही! भांडून घालून घ्यावं लागलं. दहा नामांकनांपैकी दोनच ऑस्कर मिळाले, पटकथा आणि ध्वनी. पैकी दुसरा मिळाला याचं मला आजही घरचं कार्य असल्यासारखं बरं वाटतं.

चकली

रात्री साडेबाराला हा धागा उघडणं ही चूक होती. पाकीट पिळायची काय गरज होती कानसेन? आता नवरा पाठ मोडतोय तर मला कसंतरी होतंय.

डॉ_गोळी

धागा वाचून राहवलं नाही. मी क्ष-किरण विभागात काम करते. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं मत असं आहे की या सिनेमातला सगळ्यात भयानक प्रसंग अँजिओग्राफीचा, आणि त्यात सैतान कुठेच नाही.

पाहिला असेल तर आठवा. मुलीला टेबलावर पट्ट्यांनी बांधलंय, मानेवर जंतुनाशक फासलंय, गळ्यातल्या रोहिणीत सुई जाते, आणि रक्ताची चिळकांडी उडते. मग मशीन. धाड, धाड, धाड, धाड. ते एकामागून एक फिल्म बदलण्याचे ठोके आहेत, कारण रंगद्रव्य मेंदूतून काही सेकंदांतच वाहून जातं. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली झाला. हा सिनेमा त्याच्या दोन वर्षं नंतरचा, म्हणजे बहुतेक ठिकाणी ते यंत्र पोचलेलंही नव्हतं. डोक्यात काय आहे हे बघायला जे थोडे रस्ते होते, त्यातला गळ्यात सुई खुपसणं हा एक. आता आम्ही मांडीतून नाहीतर मनगटातून जातो.

गंमत म्हणजे त्या प्रसंगात सगळे चांगलेच आहेत. कुणी ओरडत नाही, हलगर्जीपणा नाही, सौम्य आवाजात सांगतायत की आता जरा गार लागेल, आता जरा दाब जाणवेल. माझ्या रोजच्या तोंडची वाक्यं! ती बाहेरून कशी दिसतात ते तिथे दिसलं. त्यानंतर मी टेबलावरच्या मुलांशी बोलताना आधी पट्टा सैल आहे का ते बघते.

निम्मा_चहा, पहिला ईईजी नॉर्मल येणं अगदी सर्रास होतं. डॉक्टरांवर राग धरू नका. "लक्ष वेधून घ्यायला करते" म्हणणाऱ्यावर मात्र धरा.

तर्कट

सगळं कौतुक वाचलं. आता थोडा कडू काढा.

तुम्ही म्हणता डॉक्टर आणि फादर दोघेही प्रामाणिक, मध्ये आई अडकलेली. मान्य. पण शेवटी सिनेमा निकाल कुणाच्या बाजूने देतो? डॉक्टर हरतात, पवित्र पाणी जिंकतं. पडद्यावर हे फार सुंदर दिसतं. पडद्याबाहेर ॲनेलीज मिशेल नावाची जर्मन मुलगी होती. अपस्माराचं निदान झालेलं, उपचार चालू होते. १९७५-७६ मध्ये तिच्यावर ६७ वेळा हा विधी झाला. १ जुलै १९७६ ला ती गेली तेव्हा वय २३, वजन साधारण ३० किलो. उपाशी. आई-वडील आणि दोन पाद्री यांना १९७८ साली कोर्टाने दोषी ठरवलं. तुमच्या मुलीचा आजार आणि तिचा आजार एकाच घराण्यातले आहेत, हे लक्षात घ्या.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याकडे २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं याबद्दल आहे. ते कुणी कल्पनेनं लिहिलेलं नाही, असं होत होतं म्हणून लिहावं लागलं. त्यासाठी डॉ. दाभोलकरांना जीव द्यावा लागला. सासूबाईंच्या मिरच्या प्रेमाच्या होत्या, ठीक. पण त्या तव्यापासून धुरीपर्यंतचं अंतर फार नाही.

निम्मा_चहा

तर्कट, टोचलं, आणि बरोबर टोचलं. उत्तर नाही माझ्याकडे. एवढंच म्हणेन की सिनेमा निकाल देतो असं मला वाटलं नाही. पवित्र पाणी जिंकतं कुठे? कॅरस नळाचं साधं पाणी शिंपडतो तरी ती तडफडते, आणि तोच म्हणतो की हा काही पुरावा नाही. विधीच्या मध्यातच मेरिन हृदय बंद पडून मरतो. मंत्राने काहीही होत नाही. कॅरस शेवटी मंत्र सोडून तिला चक्क गुद्दे घालतो आणि मला घे म्हणतो.

तर्कट

"तिला चक्क गुद्दे घालतो." बघा, परत कलमावरच आलात.

आगाऊ_बंड्या

शेवट फोडलात की राव! स्पॉयलरची सूचना द्यायची असते.

चकली

पन्नास वर्षांत बघितला नाहीस, आता काय स्पॉयलर?

वसईकर_कुपारी

जरा उशिरा आलो. आमच्याकडे हा सिनेमा बघायला घरातून बंदी होती, म्हणजे अर्थातच सगळ्या चुलत-मावस भावंडांनी मिळून बघितला.

तर्कटभाऊ, एक दुरुस्ती. असा विधी कुठल्याही फादरने उठून करायचा नसतो, बिशपची परवानगी लागते, आणि त्याआधी आजार नाही ना याची खात्री करायची असते. सिनेमात ते दाखवलंय. जर्मनीत परवानगी होती आणि तरी मुलगी मेली, हेही खरं, त्याचं समर्थन करणार नाही.

पण मला यात सैतानापेक्षा कॅरस दिसतो. माझ्या ओळखीचे दोन-तीन फादर हुबेहूब असेच आहेत. शिकलेले, दमलेले, लोकांची दुःखं ऐकून ऐकून स्वतःची श्रद्धा झिजलेली, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही. कॅरसची म्हातारी आई न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या खोलीत एकटी राहते. तो येतो, तिच्या सुजलेल्या पायाला पट्टी बांधतो, रेडिओवर ग्रीक गाणी चालू असतात. तो म्हणतो, इथून दुसरीकडे जाऊ या. ती म्हणते, हे माझं घर आहे. पुढे पैसे नाहीत म्हणून तिला सरकारी इस्पितळात वेड्यांच्या वॉर्डात ठेवावं लागतं. ती त्याच्याकडे पाठ फिरवते. मग एकटीच मरते. सैतान शेवटी त्याला शिंगं दाखवत नाही, पलंगावर आई होऊन बसतो आणि तिच्या आवाजात विचारतो की माझ्याशी असं का वागलास. अरे, याच्यापुढे मान फिरणं म्हणजे सर्कस.

आणि शेवटी खिडकीतून उडी मारून पायऱ्यांखाली कॅरस पडलेला असतो तेव्हा दुसरा फादर त्याचा हात धरून पापक्षमा देतो. बोलता येत नाही, फक्त बोटं हलतात. तो दुसरा फादर म्हणजे विल्यम ओमॅली, खराखुरा जेझुइट पाद्री. शॉट मनासारखा येईना म्हणून फ्रीडकिनने कॅमेरा सुरू करायच्या आधी त्याच्या थोबाडीत मारली, आणि लगेच शॉट घेतला. त्याचा हात थरथरतोय तो खरा थरथरतोय. दिग्दर्शक म्हणून मोठा असेल, माणूस म्हणून मला राग येतो त्याचा. आईचं काम करणाऱ्या एलन बर्स्टिनलाही दोरीने एवढ्या जोरात ओढलं की तिच्या पाठीला कायमची दुखापत झाली, आणि ती किंकाळी सिनेमात तशीच ठेवलीय.

अजून एक. जिन्यावर दोघे फादर दम खात बसलेत, तिथे कॅरस विचारतो, हीच मुलगी का? मेरिन म्हणतो, आपल्याला निराश करण्यासाठी, आपण प्राण्यासारखे घाणेरडे आहोत आणि देव आपल्यावर प्रेम करूच शकत नाही असं वाटावं म्हणून. १९७३ मध्ये हे संभाषण कापलं होतं, २००० सालच्या आवृत्तीत परत घातलं. ब्लॅटीचा त्यासाठी हट्ट होता. मला मात्र कापलेलंच बरं वाटतं. दोन दमलेली माणसं जिन्यावर नुसती बसलीत, तेवढ्यात सगळं आलं.

मालतीमावशी

मुलांनो, तुमच्या चर्चेत आपलं काही नाही का? १९८० मध्ये 'गहराई' आला होता. अरुणा राजे आणि विकास देसाई यांचा, लेखनात विजय तेंडुलकर. डॉ. लागू, अनंत नाग, इंद्राणी मुखर्जी, अमरीश पुरी आणि लहानशी पद्मिनी कोल्हापुरे. लोक त्याला एक्झॉर्सिस्टची नक्कल म्हणून मोकळे झाले. मी दोन्ही पाहिलेत, मला तसं वाटत नाही.

तिकडे सैतान थेट इराकच्या वाळवंटातून येतो, मुलीचा काही संबंध नाही. इकडे बाप गावाकडची वडिलोपार्जित जमीन कारखान्याला विकून मोकळा होतो, आणि मग मुलीच्या तोंडून त्या जमिनीचा हिशेब बाहेर यायला लागतो. अंगणात पुरलेलं लिंबू आणि बाहुली सापडते तेव्हा थेटरात माझ्या शेजारच्या बाईंनी माझा हात घट्ट धरला होता, ओळख ना पाळख. आपल्याकडे भुताला सुद्धा सातबारा लागतो.

आणि भूत न मानणाऱ्या बापाचं काम कुणी करावं? डॉ. लागूंनी! जाहीर नास्तिक, वर स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर. ते त्या मुलीकडे बघतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती नसते, अपमान असतो. निम्मा_चहा, तुम्ही तव्यापाशी उभे होतात ना, तेव्हा तुमचा चेहरा तसाच असणार.

निम्मा_चहा

मावशी, दंडवत. सातबाऱ्याचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. 'गहराई' या शनिवारी.

पोटोमॅककाठी

मेरीलँडहून. ज्या पायऱ्यांवरून कॅरस गडगडतो त्या इथून अर्ध्या तासावर आहेत. पाहुणे आले की लिंकन मेमोरियल झाल्यावर हळूच विचारतात, "ते एक्झॉर्सिस्टचं पण इथेच ना?"

पंच्याहत्तर पायऱ्या, दोन दगडी भिंतींच्या बेचक्यात, अगदी खड्या. वर प्रॉस्पेक्ट स्ट्रीट, खाली एम स्ट्रीट. सकाळी गेलात तर कॉलेजची पोरं व्यायाम म्हणून वर-खाली पळत असतात. घर पायऱ्यांपासून बरंच मागे आहे, खिडकीतून उडी मारली तर कॅरस अंगणात पडेल! शूटिंगसाठी घराला खोटा भाग जोडून खिडकी पायऱ्यांजवळ आणली होती. २०१५ मध्ये शहराने तिथे रीतसर पाटी लावली, फ्रीडकिन आणि ब्लॅटी दोघे आले होते. आता दोघेही नाहीत.

ब्लॅटी शेजारच्याच जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकत होता तेव्हा, १९४९ मध्ये, पेपरात बातमी आली की मेरीलँडमधल्या एका चौदा वर्षांच्या मुलावर असा विधी झाला. त्याने ती वीसेक वर्षं डोक्यात ठेवली. मुलगा होता, त्याची मुलगी केली.

माझी सासू सत्तरीची. तिला सिनेमा माहीत नव्हता, नुसत्या पायऱ्या दाखवल्या. तिने खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "कठडा आहे का धरायला?" उतरली नाही.

चकली

कोकणातल्या आमच्या घराच्या मागच्या पायऱ्यांवर मुंजा दिसतो म्हणतात, सांगू का?

निम्मा_चहा

चकली, त्याला वेगळा धागा काढ गं. पहिला प्रतिसाद माझा.

आगाऊ_बंड्या

ओके. काल रात्री पाहिला. तिसरा प्रयत्न, हेडफोन लावून, कानसेनच्या धाकाने. इराक पूर्ण जागेपणी बघितलं, घड्याळ थांबलं तेव्हा मीही थांबलो. डॉ. ताईंच्या सुईपाशी स्क्रीनवर हात धरला. मान फिरली तेव्हा हसलो, ते खोटं सांगणार नाही, पाकीट आठवलं.

पण तो कॅरस आईच्या पायाला पट्टी बांधतो तिथे पॉज केला तो केलाच. आमची आई साताऱ्याला एकटी असते, गुडघ्याचं दुखणं आहे. फोन लावला. साडेअकरा वाजून गेले होते हे लक्षातच नाही. तिने पहिल्या रिंगला उचलला.

"काय रे, काय झालं?"

म्हटलं, काही नाही, गुडघा कसा आहे विचारायला केला.

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बंड्या, अपरात्री असले फोन करत जाऊ नकोस बाबा. जीव घाबरतो."